जर्मनीत पहिलं मत दिलं आणि त्याच रात्री मतं मोजली

२०२५ मध्ये २३ फेब्रुवारीला जर्मनीत बुंडेस्टागची निवडणूक झाली, बुंडेस्टाग म्हणजे आपल्या लोकसभेसारखं. त्या दिवशी मी जर्मन नागरिक म्हणून आयुष्यातलं पहिलं मत दिलं आणि त्याच दिवशी मतदान केंद्रावर कामही केलं, सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत. तेव्हापासून कराडचे, पुण्याचे, इथले सगळेच विचारतात, तिथे ईव्हीएम नाही मग मोजतात कसं, दोन मतं असतात म्हणजे काय, एवढे पक्ष मग सरकार कसं बनतं. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगून झालंय म्हणून आता एकदा सगळं नीट लिहून काढतेय, मोठं होणार आहे.

मी मूळची कराडची. २०१५ पासून न्यूर्नबर्गला राहते, नोकरी शेजारच्या एर्लांगनला. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, त्यामुळे इलेक्शन ड्युटी हा शब्द आमच्या घरात लहानपणापासून. आदल्या दिवशी तहसील कचेरीतून साहित्य घ्यायचं, एसटीने पाटण तालुक्यातल्या कुठल्यातरी डोंगरातल्या गावी जायचं, रात्र शाळेच्या व्हरांड्यात काढायची आणि दुसऱ्या दिवशी सगळं सील करून जमा करून पहाटे घरी यायचं. तेव्हा अजून कागदाच्या मतपत्रिका होत्या. बाबा परत आले की त्यांच्या शर्टाला लाखेचा वास यायचा, तो वास मला अजून आठवतो. आई म्हणायची आधी आंघोळ करा, आणि ते आधी बसून किती टक्के मतदान झालं ते सांगत बसायचे.

जून २०२४ मध्ये इथला नागरिकत्वाचा कायदा बदलला, आठ वर्षांऐवजी पाच वर्षं राहिलेलं पुरतं आणि जर्मनीच्या बाजूने दुहेरी नागरिकत्वही चालतं. पण आपल्या बाजूने चालत नाही. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर येता-जाता येतं, राहता येतं, पण मत देता येत नाही. मला ऑक्टोबरमध्ये नागरिकत्वाचं प्रमाणपत्र मिळालं आणि २० नोव्हेंबरला महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं. बाबांनी शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले. तसंही दहा वर्षं मी मतदानाला जाऊ शकले नव्हते, पण जाता न येणं वेगळं आणि हक्कच नसणं वेगळं, हे त्या दिवशी कळलं.

आणि इथे त्याच महिन्यात सरकार पडत होतं. ६ नोव्हेंबरला रात्री चॅन्सेलर, म्हणजे आपल्या पंतप्रधानांसारखं पद, ओलाफ शोल्झ यांनी त्यांचे अर्थमंत्री ख्रिश्चन लिंडनर यांना काढून टाकलं आणि एसपीडी, ग्रीन आणि एफडीपी अशी तीन पक्षांची आघाडी तुटली. निवडणूक खरं तर सप्टेंबर २०२५ ला व्हायची होती. आता लवकर घ्यायची म्हटलं तर इथे संसद स्वतःला बरखास्त करू शकत नाही. चॅन्सेलरने विश्वासदर्शक ठराव मांडायचा, तो हरायचा, मग राष्ट्राध्यक्षांकडे जाऊन सांगायचं की बरखास्त करा, आणि तिथून ६० दिवसांच्या आत निवडणूक. १६ डिसेंबरला शोल्झ यांनी ठराव मांडला, २०७ मतं बाजूने, ३९४ विरोधात, ११६ तटस्थ. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना, अगं हरण्यासाठी कोण ठराव मांडतं? त्यांच्या डोक्यात वाजपेयींचं १९९९ मधलं एका मताने पडलेलं सरकार. तिथे एकेका खासदारासाठी धावाधाव आणि इथे सरकार स्वतःहून हरायला उभं.

हे असं का, ते मला नागरिकत्वाच्या परीक्षेचा अभ्यास करताना थोडं कळलं होतं. १९३३ च्या आधीच्या काळात इथे सरकारं सारखी पडायची, संसद सारखी बरखास्त व्हायची आणि त्या गोंधळातूनच हिटलर आला. म्हणून १९४९ च्या घटनेत हे सगळं मुद्दाम अवघड करून ठेवलंय. विरोधकांना चॅन्सेलर पाडायचा असेल तर नुसतं पाडता येत नाही, त्याच मतदानात नवा चॅन्सेलर निवडून द्यावा लागतो. आजवर हे एकदाच जमलं, १९८२ मध्ये, हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले.

२७ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांनी बुंडेस्टाग बरखास्त केलं आणि मग जानेवारीत एक दिवस टपालपेटीत पत्र आलं. माझं नाव, मतदार यादीतला नंबर, केंद्राचा पत्ता, वेळ ८ ते ६. मी कुठेही नाव नोंदवलं नव्हतं, फॉर्म भरला नव्हता. इथे राहायला आल्यावर पत्ता महापालिकेत नोंदवावाच लागतो आणि मतदार यादी त्यातूनच आपोआप बनते, निवडणुकीच्या ४२ दिवस आधीची स्थिती धरतात. ते पत्र मी फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलं होतं, मुलगा रोज वाचायचा.

केंद्रावर काम करायचं मी आधीच ठरवलं होतं. इथे ही ड्युटी सरकारी नोकरांवर टाकून चालत नाही, माणसं पुरत नाहीत, सगळ्या देशात मिळून जवळपास पावणेसात लाख लोक लागतात आणि बहुतेक साधे मतदारच असतात, हौसेने येणारे. अट एकच, मतदानाचा हक्क हवा. ऑनलाइन फॉर्म भरला, आठवड्याभरात माझ्याच भागातल्या शाळेत नेमणूक आली, मग एक संध्याकाळ ट्रेनिंग. दिवसाचं थोडं मानधन देतात, त्याला शब्दशः ताजंतवानं होण्याचे पैसे असं म्हणतात. त्या ट्रेनिंगची पीडीएफ मी दोनदा वाचली आणि अर्धी बाबांना भाषांतर करून सांगितली, ते प्रत्येक नियमाला आमच्याकडे पण असंच किंवा आमच्याकडे असं नाही असं म्हणत होते.

प्रचाराबद्दल फार लिहीत नाही. दिव्याच्या खांबांवर पोस्टर, शनिवारी बाजाराच्या चौकात प्रत्येक पक्षाचं एक टेबल, पेन आणि पत्रकं वाटतात, भोंगे नाहीत, मोठ्या सभा कमी. ऑफिसमध्ये सगळे वाल-ओ-माट करत होते, ती एका सरकारी संस्थेची वेबसाइट आहे, ३८ विधानं देते, तुम्ही सहमत, असहमत किंवा तटस्थ म्हणायचं आणि मग तुमची उत्तरं कुठल्या पक्षाशी किती जुळतात ते दाखवते. मला वाटतं आपल्याकडे ही गोष्ट खरंच यावी, उमेदवाराच्या आडनावाच्या आधी त्याचा पक्ष काय म्हणतोय ते तरी वाचलं जाईल.

पण एक गोष्ट लिहायलाच हवी. पूर्ण प्रचार आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या लोकांभोवतीच फिरत होता. २९ जानेवारीला बुंडेस्टागमध्ये तेव्हा विरोधात असलेल्या सीडीयू पक्षाचा स्थलांतराबद्दलचा एक ठराव एएफडी या स्थलांतरितांच्या विरोधातल्या अतिउजव्या पक्षाच्या मतांच्या जोरावर पास झाला, त्यानंतर शहराशहरात मोठे मोर्चे निघाले. ट्राममध्ये बसले की समोरचा माणूस मला कुठल्या नजरेने बघतोय असं मनात यायचं. आधी दहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तर २३ तारीख, रविवार. निवडणूक रविवारी किंवा सुट्टीच्याच दिवशी घ्यावी लागते. सकाळी सातला शाळेच्या वर्गात आम्ही जमलो. केंद्राध्यक्ष एक निवृत्त बाई, त्यांचे उपाध्यक्ष, एक लेखनिक आणि बाकी आम्ही सदस्य, मला धरून. एक जण आमच्याच गल्लीतल्या बेकरीत काम करणारा निघाला, एक विद्यार्थी होता, एक काका पक्षातर्फे आलेले होते आणि ते कुठल्या पक्षाचे हे दिवसभरात कुणी विचारलं नाही. आठच्या आधी बाईंनी मतपेटी उघडून सगळ्यांना रिकामी दाखवली, मग कुलूप लावलं. मी बाबांचा सकाळचा मॉक पोल आठवत उभी होते.

मतपत्रिका एकच पण त्यावर दोन मतं. डावीकडे काळ्या अक्षरात पहिलं मत, ते तुमच्या मतदारसंघातल्या उमेदवाराला. उजवीकडे निळ्या अक्षरात दुसरं मत, ते पक्षाच्या राज्यातल्या यादीला. नाव दुसरं असलं तरी मोठं मत तेच, कारण संसदेत कुठल्या पक्षाला किती जागा हे त्या दुसऱ्या मताच्या प्रमाणात ठरतं. मतदारसंघ २९९, जागा ६३०. दोन्ही मतं एकाच पक्षाला दिली पाहिजेत असं नाही, उमेदवार एका पक्षाचा आवडला आणि धोरण दुसऱ्या पक्षाचं पटलं तर वेगवेगळी देता येतात आणि पुष्कळ लोक देतात. मला हे फार आवडतं. कराडला कितीदा ऐकलंय की माणूस चांगला आहे पण पक्ष चुकीचा, तिथे त्या वाक्याला मतपत्रिकेवर जागाच नाही.

सकाळी एक आजोबा पडद्याआडून परत आले आणि म्हणाले यावर मेर्त्स कुठे आहेत, मला मेर्त्सना मत द्यायचंय. फ्रीडरिश मेर्त्स हे सीडीयूचे चॅन्सेलरपदाचे उमेदवार, पण त्यांचं नाव फक्त त्यांच्या मतदारसंघात, तिकडे लांब हॉखझाउअरलांडमध्ये. आणि आमच्या बायर्न राज्यात तर सीडीयू हा पक्षच मतपत्रिकेवर नसतो, इथे त्यांचा भाऊपक्ष सीएसयू लढतो आणि सीएसयू बाकी कुठल्याच राज्यात लढत नाही. चॅन्सेलर लोक निवडत नाहीत, बुंडेस्टाग निवडतं, आपल्या पंतप्रधानांसारखंच. हे सगळं आम्ही आजोबांना सांगू शकत नव्हतो असं नाही, पण कुणाला मत द्या असं वाटेल असा एक शब्दही तोंडातून जाता कामा नये, म्हणून केंद्राध्यक्ष बाईंनी फक्त मतपत्रिकेची रचना समजावली आणि आजोबा परत पडद्याआड गेले.

माझं काम सकाळी मतदार यादी. पत्र दाखवायचं, मी नाव शोधायचं, खूण करायची. ओळखपत्र प्रत्येकाचं मागत नाहीत, पत्र नसेल किंवा शंका आली तरच. शाई नाही. सुरुवातीला मला हे कसंतरीच वाटलं, पण एका माणसाचं नाव एकाच केंद्राच्या यादीत आणि टपालाने मतदानाचे कागद घेतलेल्या माणसाच्या नावापुढे तशी नोंद, त्यामुळे दुसऱ्यांदा देता येत नाही. आत पडद्यामागे फोटो काढायला बंदी. एक तरुण मुलगी मतपत्रिका उघडीच हातात धरून आली, खूण दिसत होती, तिला थांबवून नवीन मतपत्रिका दिली आणि परत पाठवली, आधीची फाडायला लावली. ती म्हणाली मला चालतंय की दिसलं तरी. केंद्राध्यक्ष बाई शांतपणे म्हणाल्या, तुम्हाला चालत असेल, आम्हाला चालत नाही. गुप्तता ही मतदाराची नुसती सोय नाही, ती त्याच्यावरची सक्तीसुद्धा आहे, कारण एकाने दाखवायला सुरुवात केली की दुसऱ्याला दाखव म्हणून दटावता येतं. अंध मतदारांसाठी भोकं पाडलेला साचा असतो, त्यात मतपत्रिका बसवायची, आणि नीट बसावी म्हणून मतपत्रिकेच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात खूण असते. एक गृहस्थ तो साचा घरून घेऊन आले, एकटेच आत गेले आणि एकटेच बाहेर येऊन स्वतः पेटीत टाकून गेले.

अकराच्या सुमारास मी माझं मत दिलं. शेजारी बसलेल्या मुलाने माझं नाव शोधून खूण केली. पडद्याआड साधं पेन होतं. दोन वर्तुळांत दोन फुल्या. माझा हात थरथरत होता आणि घडी घालताना मी तीन वेळा तपासलं की आतलं दिसत नाहीये ना. पेटीपाशी बेकरीवाला उभा होता, त्याने फटीवरचं झाकण बाजूला केलं आणि हसून म्हणाला, पहिल्यांदा का? मी म्हटलं हो. तो म्हणाला, अभिनंदन.

सहाला दार बंद. म्हणजे मतदानाचं बंद, मोजणीला दार उघडंच राहतं, कारण मोजणी सार्वजनिक असते, कुणीही येऊन बघू शकतं. नागरिक असायची पण गरज नाही. माझा नवरा अजून भारतीय पासपोर्टवर आहे, तो मुलाला घेऊन आला आणि दोघं मागच्या बाकावर बसून राहिले. बाकी जगात त्या क्षणी टीव्हीवर एक्झिट पोल सुरू झाले होते, सहाच्या ठोक्याला आकडे पडद्यावर येतात, त्याआधी एक मिनिटही दाखवायला बंदी. आमच्या खोलीत कुणी फोन काढला नाही.

ईव्हीएमचं इथे सांगते. जर्मनीतही २००५ च्या निवडणुकीत काही ठिकाणी मशीन वापरली होती. त्यावर केस झाली आणि मार्च २००९ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती मशीन वापरणं घटनाबाह्य ठरवलं. मशीनमध्ये घोटाळा सापडला होता म्हणून नाही. मुद्दा असा की मोजणीचे महत्त्वाचे टप्पे साध्या नागरिकाला, कसलंही तांत्रिक ज्ञान नसताना, स्वतःच्या डोळ्यांनी तपासता आले पाहिजेत. भारतात एवढे मतदार, एवढी केंद्रं, तिथे मशीनने बूथ बळकावण्यावर किती फरक पडला हे बाबा स्वतः सांगतात, म्हणून मी एकाला बरोबर आणि दुसऱ्याला चूक म्हणणार नाही. पण त्या बाकावर बसलेला माझा नऊ वर्षांचा मुलगा सगळं बघत होता आणि त्याला सगळं समजत होतं, हे मी पाहिलं.

पेटी टेबलांवर उपडी केली. आधी सगळ्या घड्या उघडायच्या आणि नुसती संख्या मोजायची, ती मतदार यादीतल्या खुणांशी जुळली पाहिजे. आमची एकाने कमी आली. परत मोजली, परत एकाने कमी. वर्गात एकदम शांतता. लेखनिकाने यादीतल्या खुणा पुन्हा मोजल्या, त्या बरोबर होत्या. शेवटी त्या विद्यार्थ्याला एका मतपत्रिकेच्या घडीत दुसरी अडकलेली सापडली, बहुतेक नवरा-बायकोने एकापाठोपाठ टाकलेल्या. एका मतासाठी आम्ही पाऊण तास घालवला आणि कुणीही राहू दे म्हटलं नाही.

मग ढीग. दोन्ही मतं एकाच पक्षाला असलेल्या मतपत्रिका पक्षवार वेगळ्या. दोन पक्षांना वाटून दिलेल्या किंवा एकच मत दिलेल्या एका मोठ्या ढिगात. कोऱ्या वेगळ्या. आणि शंका असलेल्या वेगळ्या, त्या एका सदस्याने सांभाळायच्या. प्रत्येक ढीग दोघांनी मोजायचा, एकमेकांचा आकडा न सांगता, आणि दोन्ही आकडे जुळले तरच लिहायचा. वाटून दिलेला ढीग आधी दुसऱ्या मताप्रमाणे लावायचा, मोजायचा, मग तोच मोडून पहिल्या मताप्रमाणे परत लावायचा. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, हे काम चांगलं आहे.

माझ्या आणि त्या काकांच्या वाट्याला एएफडीचा ढीग आला.

मी तो मोजला. प्रत्येक कागद हातात घेऊन, दोन्ही फुल्या बघून, दहा-दहाच्या गठ्ठ्यात. हे माझ्या शेजाऱ्यांचे कागद होते, ज्यांना मी सकाळी यादीत शोधून खूण केली होती, ज्यांच्यातल्या काहींनी मला गुड मॉर्निंग म्हटलं होतं, रविवार छान जावो म्हटलं होतं. मनात खूप काही चाललं होतं. पण हात नीट चालले पाहिजेत एवढंच मी स्वतःला सांगत होते, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. माझा आकडा आणि काकांचा आकडा जुळला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि आकडा लेखनिकाला सांगितला. मला वाटतं मी या देशाची नागरिक प्रमाणपत्र घेतलं त्या दिवशी झाले नाही, त्या टेबलापाशी झाले.

शंकेच्या मतपत्रिकांवर सगळ्यांनी मिळून निर्णय घ्यायचा, एकेक वर धरून, हात वर करून मतदान. फुलीऐवजी बरोबरची खूण केलेली, ती वैध, कारण कुणाला द्यायचंय ते स्पष्ट आहे. पहिलं मत कोरं आणि दुसरं दिलेलं, तर पहिलं बाद आणि दुसरं वैध. एकावर सगळ्या पक्षांना उद्देशून दोन ओळी लिहिल्या होत्या, ती बाद. एकाची फुली दोन वर्तुळांच्या मधोमध, त्यावर आमच्यात मतभेद झाले आणि शेवटी बहुमताने बाद. प्रत्येक निर्णय मतपत्रिकेच्या मागे लिहायचा. मग बाईंनी फोन करून आकडे कळवले, आम्ही कागद बांधून सील केले. लाख नव्हती, कागदी सील होतं, पण मला वास आल्यासारखं झालं.

घरी आल्यावर टीव्ही लावला तर देश एका वेगळ्याच आकड्यावर अडकला होता. इथे संसदेत यायला देशभरात ५ टक्के दुसरी मतं लागतात किंवा तीन मतदारसंघ जिंकावे लागतात, नाहीतर त्या पक्षाची यादीवरची मतं वाया. हाही जुन्या काळाचा धडा, बारीक-बारीक पक्षांनी संसद भरून सरकार बनेनासं होऊ नये म्हणून. फक्त डॅनिश अल्पसंख्याकांच्या एसएसडब्ल्यू पक्षाला यातून सूट आहे, त्यांचा एक खासदार आला. आणि बीएसडब्ल्यू नावाचा नवा पक्ष रात्रभर ५ च्या काठावर. शेवटच्या निकालात त्यांना ४.९८ टक्के मिळाले, साधारण साडेनऊ हजार मतं कमी पडली, सगळ्या देशात मिळून. ते आत आले असते तर दोन पक्षांचं सरकार झालंच नसतं, तिसरा शोधावा लागला असता. मला आमची ती घडीत अडकलेली मतपत्रिका आठवली.

निकाल असा, सीडीयू-सीएसयू २८.५ टक्के, एएफडी २०.८, म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या दुप्पट, एसपीडी १६.४, ग्रीन ११.६, डावा लिंके पक्ष ८.८. एफडीपी ४.३ वर बाहेर. मतदान ८२.५ टक्के, दोन जर्मनी एक झाल्यापासून सगळ्यात जास्त. ५ च्या खाली राहिलेल्या सगळ्यांची मिळून जवळपास १४ टक्के मतं कुणाच्याच खासदारात बदलली नाहीत. माझ्या मते ५ जरा जास्त आहे, ३ किंवा ४ पुरले असते, पण हा वाद इथे दर निवडणुकीनंतर होतो.

आमच्याकडे आणखी एक झालं जे लोकांना पचायला सगळ्यात जड गेलं. मी राहते तो न्यूर्नबर्ग उत्तर मतदारसंघ सीएसयूच्या झेबास्टियान ब्रेम यांनी जिंकला आणि तरीही ते बुंडेस्टागमध्ये गेले नाहीत. जिंकून. पूर्वी पक्षाने यादीच्या हिशेबापेक्षा जास्त मतदारसंघ जिंकले तर ते ज्यादा खासदार ठेवायचे आणि मग प्रमाण सांभाळायला बाकी पक्षांना पण जागा वाढवून द्यायचे, त्यामुळे २०२१ मध्ये संसद ७३६ पर्यंत फुगली होती. २०२३ च्या नव्या कायद्याने ६३० वर कुलूप लावलं. आता राज्यात पक्षाच्या वाट्याला दुसऱ्या मतांनुसार जेवढ्या जागा, तेवढेच विजेते आत, सगळ्यात कमी टक्क्यांनी जिंकलेले बाहेर. सीएसयूने बायर्नमधले सगळे ४७ मतदारसंघ जिंकले पण वाट्याला जागा ४४. म्हणून न्यूर्नबर्ग उत्तर, म्युनिक दक्षिण आणि आउग्सबुर्गचे विजेते घरी. देशभरात असे २३ जण. हिशेब म्हणून हे मला पटतं, प्रमाण सांभाळलं जातं आणि संसद वाढत नाही. पण ऑफिसमधली एक बाई म्हणाली की मग माझ्या पहिल्या मताचं काय झालं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती सीएसयूची मतदार आहे, मी नाही, तरी तिचं दुःख मला खरं वाटलं. निदान मतपत्रिकेवर दोन ओळींत हे लिहायला हवं होतं.

पुढचं सरकार बनवणं थोडक्यात. एएफडीबरोबर कुणीच जाणार नाही हे बाकी पक्षांनी आधीच सांगितलेलं, त्यामुळे सीडीयू-सीएसयू आणि एसपीडी हाच हिशेब, ३२८ जागा, बहुमताला ३१६. इथे आघाडी म्हणजे हॉटेलात आमदार नेणं नाही, समित्या बसतात आणि कुठला कायदा कधी, कुठलं खातं कुणाकडे, सगळं लेखी करतात. ९ एप्रिलला तो करार आला, मग एसपीडीने आपल्या साध्या सदस्यांचं मतदान घेतलं, ८४.६ टक्के हो म्हणाले. ६ मेला बुंडेस्टागमध्ये मेर्त्स यांची निवड, सगळ्यांना वाटलं औपचारिकता आहे. पहिल्या फेरीत ३१० मतं. सहा कमी. मतदान गुप्त असतं, व्हिप नाही, त्यामुळे स्वतःच्या आघाडीतले कोण फिरले ते आजही कळलेलं नाही. असं आधी कधीच झालं नव्हतं. ऑफिसमध्ये सगळ्यांनी काम थांबवलं. दुपारी दुसरी फेरी झाली, ३२५, आणि मेर्त्स चॅन्सेलर झाले. कराडला तेव्हा संध्याकाळ होती, बाबा टीव्हीवर शोधत होते पण आपल्या चॅनेलवर काही दाखवत नव्हते म्हणून मी त्यांना फोनवर एकेक आकडा सांगत होते आणि ते वहीत लिहून घेत होते.

आता ८ मार्च २०२६ ला इथे महापालिकेची निवडणूक आहे. मी परत फॉर्म भरलाय आणि यावेळी तोच वर्ग, बहुतेक तीच केंद्राध्यक्ष बाई. मतपत्रिका टेबलभर पसरते कारण न्यूर्नबर्गच्या नगरसेवकांच्या जागा ७० आणि प्रत्येक मतदाराला मतंही ७०, एका उमेदवाराला तीनपर्यंत देता येतात, वेगवेगळ्या पक्षांच्या याद्यांमधून निवडता येतात. मुलगा म्हणतोय मी पुन्हा येऊन मागच्या बाकावर बसणार. बाबांनी काल फोनवर विचारलं, सत्तर मतं, अगं पण मग ढीग लावायचे कसे? म्हटलं ट्रेनिंग पुढच्या आठवड्यात आहे, त्यातलं सगळं विचारून सांगते.